उरलेले पंधरा

छत्तीस! प्रेमलताबाईंनी भाऊंचं मनगट सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा मोजलं. काटा छत्तिसावरच. मिनिटाला छत्तीस ठोके पडणारा माणूस अंथरुणाला खिळायचा. आणि त्यांचे हे यजमान समोर बसून चहात कडक बटर बुडवत होते. सोनचाफ्याला शिडी लावायची घाई झाली होती त्यांना.

बाई विरारच्या एका प्रसूतिगृहात नर्स होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निवृत्त होताना आपलं जुनं घड्याळ त्यांना दिलं होतं. मोठं गमतीचं घड्याळ. बटण दाबायचं, तीस ठोके मोजायचे, पुन्हा बटण दाबायचं. काटा थांबेल तिथे तबकडीच्या कडेला मिनिटाचे ठोके छापलेले. हिशोबाची कटकट नाही. भाऊंच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळच्या चहाबरोबर हा कार्यक्रम ठरलेला. बाई पुटपुटत मोजायच्या आणि एरवी वाडीभर बडबडणारे भाऊ तेवढा वेळ गप्प बसायचे.

घड्याळ काळवंडलं होतं म्हणून मुलानं, मितेशनं, नालासोपाऱ्याच्या कारागिराकडून ते कालच साफ करून आणलं होतं. बाईंनी ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. चाल अगदी बरोबर. मग स्वतःची नाडी पाहिली, तर अडतीस. आता काय म्हणावं! दोघांचीही वेळ एकदमच भरली की काय? भिंतीवरच्या घड्याळावर मिनिटभर मोजायला घेतलं, तर मध्येच आकडा हरवला. तेव्हा मात्र त्या घाबरल्या. परवा चहात मीठ पडलं होतं. त्याआधी विहिरीचा पंप चालूच राहिला होता. थोरल्या बहिणीचं विसरणं असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी तिला पोटची पोरंही ओळखता येईनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ कपाटात दडवलं आणि सेल संपला म्हणून सांगितलं.

"चावीच्या घड्याळाला सेल कधीपासून?" भाऊ हसले.

बाईंना हसू आलं नाही. त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मितेश ऑफिसला निघाला होता, तो चप्पल काढून आत आला.

"मला मोजता येत नाही रे आता," त्या म्हणाल्या.

सगळं ऐकून झाल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. जुनी तबकडी पार गेली होती, म्हणून कारागिरानं त्याच कंपनीची दुसरी बसवली होती. हे आईला सांगायला हवं, असं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. जुनी त्यानं पुडीत जपून ठेवली होती. बाईंनी चष्मा लावून दोन्ही तबकड्या शेजारी धरल्या. तेच नाव, तीच निळी कड. खाली बारीक अक्षरात जुनीवर तीस ठोके, नवीवर पंधरा. म्हणजे मोजायचेच निम्मे; तीस मोजले म्हणून आकडा अर्धा दिसत होता! एकाच कंपनीला दोन तऱ्हा कशाला सुचाव्यात, देव जाणे. बाईंचा जीव भांड्यात पडला. मिठाचं मात्र कोडंच राहिलं, पण त्यांनी ते तेव्हा मनावर घेतलं नाही.

तशाच त्या बाहेर ओट्यावर भाऊंकडे गेल्या. भाऊंनी हात पुढे केला. पंधरा ठोके, बटण.

"बहात्तर," बाई ऐटीत म्हणाल्या.

भाऊंनी हात मागे घेतला नाही.

"आणि उरलेले पंधरा?"

"ते आता लागत नाहीत, अहो."

"मला लागतात."

बाईंनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि मनगटावर बोटं टेकली. सोळा, सतरा, अठरा. ओठ हलत होते. एकवीस, बावीस. आणि ओठ थांबले. बोटांखाली ठोके पडतच होते, पण पुढचा आकडा काही केल्या येईना. त्यांनी भाऊंकडे पाहिलं.



"तेवीस," भाऊ हळूच म्हणाले.

बाईंनी मान हलवली. तिथून पुढे दोघं मिळून मोजू लागले.