तिसरं क्वार्टर

बिग बीव्हर रोडवरच्या किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमधून केयाने वडिलांना फोन केला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, बाहेर पडल्यावर लेफ्ट घ्यायचा की राइट?"

विनयला आधी वाटलं, रस्त्याचं काम चाललं असेल. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये उन्हाळा लागला की रस्ते खणतातच. पण तसं काही नव्हतं. ज्या रस्त्यावर ती गाडी चालवायला शिकली, त्याच रस्त्याला लागताना तिला घर कुठल्या बाजूला आहे ते आठवत नव्हतं. त्याने राइट सांगितलं, फोन चालू ठेवायला लावला आणि तिची गाडी दारात येईपर्यंत तो खिडकीशी उभा राहिला. आत येऊन तिने दूध ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "आईला सांगू नकोस. कुणालाच नको."

केया ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायची, आणि तेही पगार घेऊन. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोक "म्हणजे रग्बी ना?" असं विचारायचे आणि विनय न कंटाळता समजावून सांगायचा. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, अंगावर ना हेल्मेट ना पॅड. केया मिडफिल्डर. अंपायर मैदानाच्या मधोमध चेंडू आपटतो, दोन उंच मुली त्यासाठी झेपावतात आणि त्यांच्या पायाशी झुंबड उडते. त्या झुंबडीत शिरून चेंडू बाहेर काढायचा, हे तिचं काम. सगळ्यात जास्त पळायचं तिनेच आणि सगळ्यात जास्त मार खायचा तोही तिनेच.

कॉलेजात ती सॉकर खेळली होती. नंतर डेट्रॉइटच्या एका हौशी क्लबात मैत्रिणीबरोबर गंमत म्हणून गेली. तिथल्या ऑस्ट्रेलियन कोचने तिला पळताना पाहिलं आणि वर्षभरात ती मेलबर्नला पोचली. मास्टर्सची ॲडमिशन सोडून गेली म्हणून विनय तिच्याशी धड बोलत नव्हता. मग एकदा लॅपटॉपवर त्याने तिचा सामना पाहिला. पाच-सहा जणींच्या ढिगाखालून केया चेंडू पोटाशी धरून बाहेर आली, जत्रेच्या गर्दीतून कुणी मूल उचलून आणावं तशी. त्याचा रुसवा तिथेच संपला. पुढे तो तिचा एकही सामना चुकवत नसे.

म्हणून डोक्याला लागलेले तिन्ही मारही त्याने पाहिले. तिसऱ्या वेळी ती उठली आणि दुसऱ्याच टीमच्या बाकाकडे चालायला लागली. क्लबने तिला संघाबाहेर बसवलं आणि सीझन संपल्यावर करार पुढे वाढवला नाही. केया ट्रॉयला परत आली, आपल्या जुन्या खोलीत पडदे ओढून राहायला लागली. मिक्सर लावला की ती घराबाहेर निघून जायची. पुस्तकाचं एक पान वाचून झालं की पुन्हा त्याच पानावर यायची.

विनयचा जन्म गाड्यांच्या क्रॅश टेस्टिंगमध्ये गेला होता. चाचणीच्या डमी पुतळ्याचं डोकं डॅशबोर्डवर आपटतं तेव्हा बाहेर ओरखडाही दिसत नाही, पण कवटीच्या आत काय हलतं हे तो नव्या इंजिनिअरांना वर्षानुवर्षं शिकवत आला होता. आता रिटायर झाल्यावर ते ज्ञान त्याच्याच घरात, त्याच्याच जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं होतं.

अशात मेलबर्नच्या दुसऱ्या एका क्लबची माणसं अमेरिकेत खेळाडू शोधायला येणार असल्याचं कळलं. त्यांची ट्रेसी नावाची बाई ट्रॉयच्या पार्कमधली हौशी क्लबांची स्पर्धा बघायला येणार होती आणि तिने केयाचं नाव घेऊन विचारलं होतं. त्या दिवशी केयाने पडदे उघडले. शूज बाहेर काढले, धुतले, उन्हात ठेवले.

विनयने तिला समजवायचा प्रयत्न केला. करार करायच्या आधी ते मेंदूची टेस्ट घेतील, म्हणाला, तिथे सगळं उघडं पडेल. केया हसली.

"सीझनच्या आधी आपला नॉर्मल स्कोअर घेतात ना, तेव्हा मी मुद्दाम हळू उत्तरं देते. एव्हरी इयर. मग मार लागला तरी स्कोअर पडलेला दिसतच नाही." मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "बाबा, आय ॲम ट्वेंटी-सेव्हन. मला दुसरं काही येत नाही."

न सांगण्याचं कबूल केलं होतं तरी त्याने बायकोला, शैलजाला, सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले. तिलाही भीती वाटत होतीच. पण ती विनयच्या बाजूने झाली नाही. पोर वर्षभर या घरात भुतासारखी फिरतेय, म्हणाली. परवा पहिल्यांदा तिने गाणं लावलं. ते तू काढून घेणार असशील तर त्याच्या जागी काय देणार, ते आधी सांग.

सामन्याच्या दिवशी ऊन कडक होतं. केया डेट्रॉइटच्या आपल्या जुन्या क्लबाकडून खेळणार होती. केयाने गॉगल लावून वॉर्मअप केला आणि सामना सुरू होताना तो आईच्या हातात दिला. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये ती अशी खेळली की विनय स्वतःची भीती विसरला. चेंडू जिथे पडणार तिथे ती आधीच असायची. ट्रेसी सीमारेषेजवळ हाताची घडी घालून उभी होती. तिने घडी सोडली आणि दोन पावलं पुढे आली, हे विनयने पाहिलं आणि त्याला अभिमान वाटला. त्या अभिमानाची त्याला नंतर फार लाज वाटली.

तिसऱ्या क्वार्टरला केया चेंडूसाठी वाकली आणि समोरून येणाऱ्या मुलीची मांडी तिच्या कानशिलावर बसली. आवाज मोठा नव्हता. केया पडली, लगेच उठली, कुणी जवळ यायच्या आत हात उंचावून ठीक आहे म्हणाली. पुढच्याच मिनिटाला तिने गर्दीतून चेंडू काढला, डावीकडे जायचा आव आणला, उजवीकडे वळली आणि लांबून गोल मारला. टीममधल्या अमनने, एका ठेंगण्या पंजाबी मुलीने, तिला कमरेला धरून उचललं. शैलजा टाळ्या वाजवत होती. विनयचे हात उचललेच जात नव्हते, कारण केया हसत होती, पण तिचे डोळे कुठेच बघत नव्हते.

सामना संपल्यावर ट्रेसी आली. तिने केयाचा हात हातात घेतला, त्या गोलाचं कौतुक केलं आणि विचारलं, वळताना तुला नेमकं काय दिसलं होतं?

"डावीकडे गर्दी होती," केया इंग्रजीत म्हणाली. "उजवीकडे जागा मोकळी वाटली."

उत्तर बरोबर होतं. कुठल्याही गोलाला चाललं असतं. ट्रेसीने मान डोलावली आणि पुढच्या महिन्यात मेलबर्नला येशील का, असं विचारलं.

विनयने मराठीत विचारलं, "केया, गोल मारल्यावर तुला उचललं कुणी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग टीमकडे पाहिलं, एकेकीच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली. ओठ हलले, नाव आलं नाही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "प्लीज. एक वर्ष. मग मी स्वतः सोडते."

शैलजाने विनयचं मनगट धरलं. तो हात त्याला अडवत होता की आधार मागत होता, ते त्याला कळलं नाही. त्याने तो सोडवून घेतला आणि ट्रेसीला इंग्रजीत सांगितलं, माझ्या मुलीला तो गोल आठवत नाही. मग पार्किंग लॉटचं सांगितलं. हळू दिलेल्या उत्तरांचंही सांगितलं. बोलताना आपला आवाज ऑफिसात प्रेझेंटेशन देतानासारखा सपाट आणि स्पष्ट येतोय हे त्याला ऐकू येत होतं, आणि थांबता येत नव्हतं.

ट्रेसीने केयाला विचारलं, हे खरं आहे का? केया नाही म्हणाली. पुन्हा एकदा नाही म्हणाली. मग गवतावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"आता मी हे ऐकलंय," ट्रेसी विनयला म्हणाली. "ऐकलंच नाही असं मला करता येणार नाही." तिच्या स्वरात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

त्यानंतर केया वडिलांशी बोलेनाशी झाली. एकाच घरात ती त्याच्या बाजूने अशी जायची, जशी माणसं खुर्चीच्या बाजूने जातात. शैलजाने त्याला दोष दिला नाही, पण जेवायला वाढून ती स्वतःचं ताट घेऊन केयाच्या खोलीत जायची. कधी कधी विनयला वाटे, आपण चुकलो असू. पोरगी धडधाकट असेल, साधं विसरली असेल, आणि आपण तिचं आयुष्य एका मैदानावर उभं राहून मोडून टाकलं.

शेवटी शैलजाच्या आग्रहावरून केया ॲन आर्बर शहरातल्या मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायला तयार झाली. शैलजाला कामावरून सुटी मिळाली नाही, म्हणून विनयने गाडी काढली. केया मागच्या सीटवर बसली, टॅक्सीत बसल्यासारखी. बाईंनी दोन तास तपासलं. मग दोघांनाही आत बोलावून सांगितलं की धक्का बसेल असा कुठलाही खेळ पुन्हा नाही, एकदाही नाही. स्मरणशक्ती बरीचशी परत येईल, सगळी येईलच असं नाही. विनयला यात सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

परतताना केया पुन्हा मागेच बसली. गाडी हायवेला लागली.

"तुझं बरोबर निघालं," ती म्हणाली. इतक्या दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. "खूश?"

"नाही."

"मग मी आता काय करू, सांग ना. तू सगळ्यांना सांगतोस."

विनयला वाटलं, काहीतरी म्हणावं. शिकता येईल, कोच होता येईल, वय आहे. हे सगळं त्याने पाठ करून ठेवलं होतं. मग आरशात त्याला तिचा चेहरा दिसला.

"मला माहीत नाही, केया," तो म्हणाला.

मग ती रडायला लागली. पडदे ओढलेल्या त्या वर्षभरात रडली नव्हती, मैदानावरही नाही. पार लहानपणी रडायची तशी, श्वास अडकवून. दोन्ही बाजूंना ट्रक होते, गाडी कडेला घ्यायला जागा नव्हती. विनयने एका हाताने स्टिअरिंग धरलं आणि दुसरा हात दोन सीटमधून मागे केला. बराच वेळ तो तसाच हवेत राहिला. खांद्याला रग लागली. केयाने तो हात धरला नाही.

"बाबा," ती नाक ओढत म्हणाली, "समोर बघून चालव."