हळदीचा कौल

मंगळवारी सकाळी उजनी धरणाच्या काठावर एवढी माणसं जमली होती, की माझ्या ओपीडीत महिनाभरात येत नसतील. ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि मोटारसायकली पार केळीच्या बागांपर्यंत लागल्या होत्या. उन्हाळ्यानं पाणी मागं सरलं होतं आणि बुडीत गेलेल्या जुन्या गावातल्या देवळाचा कळस मधोमध वर आला होता. कळसाकडं तोंड करून जलेश्वर महाराज पाटावर बसले होते. अंगात भगवं, मनगटावर महागडं घड्याळ, समोर पितळेचे दोन तांबे.

महाराज सांगत होते, धरण झालं तेव्हा सरकारनं माणसं उठवली, पण बुडीत देवळातल्या आईला कुणी उठवलं नाही. ती पाण्याखाली एकटी आहे. म्हणून ती चांगले पट्टीचे पोहणारे बोलावून घेते. "आईला फोन लागत न्हाय म्हणू नका," असं म्हणून त्यांनी हशा घेतला, "तिची रेंज पाण्याखालीबी फुल हाय." लोक हसले आणि लगेच हातही जोडले.

मग कौल सुरू झाला. ज्याच्या घरात कुणी बुडून गेलं असेल त्यानं तळहाताला ओली हळद लावून पुढं यायचं. महाराज त्यावर तांब्यातलं तीर्थ ओतणार. हळद पिवळी राहिली तर आईनं सोडलं, लाल झाली तर आईनं मागितलं. एका पोराचा तळहात बघता बघता लालभडक झाला आणि त्याची आई मटकन खालीच बसली. 

मला त्या महाराजाचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? मी सोलापुरात जन्मभर लोकांच्या छातीला नळी लावून सांगतोय, बाबांनो, रोज एक गोळी घ्या. निम्मे लोक घेत नाहीत. आणि हा म्हणतो पाण्यात उडी टाका, तर रांग लागते.

पण माझ्या पोटातलं खरं दुखणं माझ्या शेजारीच उभं होतं. डॉक्टर भुवनेश्वरी. अक्कलकोटकडची, माझ्याहून बरीच धाकटी, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारी. आमच्या हॉस्पिटलात घराण्यातून चालत येणाऱ्या हृदयविकारांचा वेगळा विभाग निघाला, तेव्हा त्याचं प्रमुखपद मला मिळणार हे मी धरूनच चाललो होतो. मिळालं हिला. आणि ही प्रमुख झाली तरी मला 'सर' म्हणते. त्यानं तर माझा आणखीच तिळपापड होतो.

तिची कामाची रीतही मला बघवत नसे. एक पेशंट आला की ही त्याच्या अख्ख्या खानदानाला बोलावणार. चुलते, आत्या, मावसभाऊ, सगळ्यांना चहा. आमची सिस्टर पूनम दर सोमवारी एकेका घरी फोन करणार, गोळी घेतली का, चक्कर आली का. मी त्या ओपीडीला सोयरिकीची बैठक म्हणायचो. पण हे खरं, की त्या सोमवारच्या फोनमुळंच आम्ही काठावर आलो होतो.

झालं होतं असं. इथल्या गिरिजाबाईंची नात राजनंदिनी, दहावीतली पोर, पोहता पोहता बेशुद्ध पडली आणि नशिबानं कुणीतरी तिला ओढून काढली. सोलापूरला आणली तेव्हा तिच्या ईसीजीत दोष दिसला. हृदयाचा ठोका पडून गेल्यावर त्यातली वीज परत जागेवर यायला जितका वेळ लागायला हवा, त्याहून जास्त लागत होता. अशा माणसाचं हृदय पळताना, आणि पोहताना तर फारच, एकाएकी बिघडतं आणि नुसतं थरथरत राहतं. पुढं रक्ताच्या तपासणीत जनुकातला दोषही सापडला. गोळी रोज घ्यायची आणि पाण्यात उतरायचं नाही, एवढं पथ्य होतं. घरातल्या बाकीच्यांनाही तपासायला बोलावलं होतं, पण कुणी फिरकलं नव्हतं. सोमवारी पूनमनं फोन केला तर गिरिजाबाई शांतपणे म्हणाल्या, "गोळ्या पाण्यात सोडल्या. महाराजांनी कौल दिला, पोरगी मोकळी हाय."

मोकळं झालेल्यानं काय करायचं, तर स्वतः पोहत कळसापर्यंत जायचं, आईची ओटी भरायची आणि परत यायचं. तोच तर महाराजांचा मोठा चमत्कार होता. दर मंगळवारी लोक जायचे आणि सुखरूप परत यायचे. यायचेच की. त्यांच्या हृदयात दोष नव्हताच. राजनंदिनीच्या होता आणि आज तिचा नंबर होता.

येताना जीपमध्ये भुवनेश्वरीनं मला सांगितलं होतं, "सर, महाराजांशी भांडू नका. आपण आजींसाठी आलोय." विजेचा झटका द्यायचं मशीन तिनं बरोबर घेतलं होतं आणि पोहणारे दोघेजण होडीत बसवून ठेवले होते. मी हो म्हटलं. पण ती मला हुकूम देते, हेच डोक्यात घुमत राहिलं.

आणि मी तर कुंकवाच्या केम गावचा. आमच्या घरी कुंकू करायचे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे मला बाराखडीच्या आधी समजलं होतं. लहानपणी माझे तळहात कायम लाल असायचे, आणि मला कुठल्याही आईनं मागितलं नव्हतं. महाराजांच्या डाव्या तांब्याच्या काठावर पांढरा थर दिसला आणि माझा हात शिवशिवायला लागला.

मी तळहाताला हळद फासून रांग मोडून पुढं गेलो. महाराजांनी माझं पॅन्ट-शर्ट आणि खिशातली नळी बघितली आणि डावा तांबा उचलला. हात लाल झाला. "डाक्टर," ते मोठ्यानं म्हणाले, "तुमालाबी आईनं बोलावलंय. दुसऱ्याची काळजं बघता, आता सोताचं सांभाळा."

मी त्यांच्या समोरच्या ताटातलं लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि हातावर पिळलं. लाल हात परत पिवळा झाला.

"आईचा निर्णय एका लिंबानं कसा फिरला, महाराज?" मी विचारलं.

मग मी थांबलोच नाही. शेजारच्या ट्रॅक्टरच्या चाकाला हळद लावली आणि डाव्या तांब्यातलं पाणी ओतलं. चाक लाल. म्हटलं, आईला आता ट्रॅक्टरही पाहिजे. दुसऱ्या चाकाला हळद लावून उजव्या तांब्यातलं ओतलं, तर हळद पिवळीच राहिली. उजव्यात साधं पाणी होतं, डाव्यात चुन्याची निवळी. कुणाला घाबरवायचं आणि कुणाला सोडायचं हे आईच्या नाही, महाराजांच्या हातात होतं. लोक आधी कुजबुजले, मग हसायला लागले, मग मोबाईल वर आले. मघाशी खाली बसलेली बाई पोराचा हात लिंबानं खसाखसा घासत होती. महाराजांना एकदम दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला. शिष्यांनी पाट उचलला, पण तांबे विसरले.

टाळ्या पडल्या. मी छाती काढून भुवनेश्वरीकडं बघितलं. म्हटलं, आता तरी हिला माझा थोडा हेवा वाटू दे. तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. ती गिरिजाबाईंकडं बघत होती.

गिरिजाबाई हसल्या नव्हत्या. त्यांची सून, राजनंदिनीची आई मायाक्का त्यांच्या मागं खाली मान घालून उभी होती आणि राजनंदिनी ओटीचं ताट घेऊन. म्हातारी माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "चुना आसंल. मान्य हाय. पर माजी दोन पोरं कुणी न्हेली?"

तिचा थोरला आणि राजनंदिनीचा बाप बिरुदेव, दोघेही मोटारीच्या कामात गेले होते. काठावर पाणी उपसणाऱ्या मोटारी असतात. पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाशी शेवाळ अडकलं की कुणीतरी बुडी मारून ते काढायचं असतं. त्याला गावातला सगळ्यात चांगला पोहणारा धाडतात. दोघेही बुडी मारायला गेले आणि वर आले ते मेलेलेच. पट्टीचा पोहणारा पुरुषभर पाण्यात बुडतो कसा, याचं उत्तर गावाकडं एकच होतं. हृदयाचा विचार कुणाच्या मनात आला नाही, कारण पाण्यात मेलेला माणूस बुडूनच मेला असं सगळे धरून चालले.

मी सांगायला लागलो. पेशींची दारं, पोटॅशियम, विद्युतप्रवाह. माझं मलाच ऐकवेना. म्हातारीनं मला मधेच तोडलं. "बुवा खोटा आसंल, आई खोटी न्हाय," ती म्हणाली आणि नातीला खूण केली. पोरगी ओटी घेऊन निघाली. पाणी तिच्या घोट्याला लागलं, मग गुडघ्याला.  मी धावणार तेवढ्यात भुवनेश्वरीनं माझा दंड धरला. होडी सरकून पोरीच्या पुढं आडवी झालीच होती.

"आज ओढून आणू, सर," ती हळूच म्हणाली. "उद्या कोण आणेल?"

मग ती गिरिजाबाईंना म्हणाली, "आजी, तुमची माणसं मला दाखवा. एवढं करा, मग तुम्ही म्हणाल तसं." तिनं जीपच्या सावलीला, लोकांपासून बाजूला, ओल्या मातीत म्हातारीसमोर बैठक मारली. ओटीच्या दुसऱ्या ताटातल्या सुपाऱ्या आणि हळकुंडं घेतली. पुरुषाला सुपारी, बाईला हळकुंड. म्हातारी आधी घुटमळली, मग स्वतःच्या हातानं मांडायला लागली. हा थोरला, हा बिरुदेव, ही मी. जे अचानक गेले त्यांच्यावर भुवनेश्वरीनं चिखलाचं बोट लावायला सांगितलं. दोन सुपाऱ्यांवर चिखल लागला. मग म्हातारीनं एका हळकुंडावरही बोट टेकवलं.

"ही कोण?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"लेक. प्रियंका. करकंबला दिली हुती." म्हातारीचा आवाज बारीक झाला. "बाजारात कालवड सुटली, तिच्या मागं पळाली आन् पडली. उटलीच न्हाय."

"तिथं पाणी होतं?"

 मायाक्का पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "न्हवतं. वाळलेला बाजार हुता."

"मग तिला कुठल्या आईनं नेलं?"

गिरिजाबाई त्या हळकुंडाकडं बघत बसल्या.  मग त्या उठल्या, काठाशी गेल्या आणि होडीच्या कडेला उभ्या असलेल्या पोरीला हाक मारली. "नंदे, माघारी ये." एवढंच. पोरगी माघारी आली आणि मायाक्कानं तिला असं काही कवटाळलं, की ताटातली सगळी ओटी चिखलात सांडली.

जीपमध्ये ईसीजी काढला तर दोष गिरिजाबाईंच्याच हृदयात निघाला. त्यांनी काठावरच जन्म काढला, पण बाईमाणूस म्हणून त्यांना कुणी पोहू दिलं नव्हतं, म्हणूनच त्या वाचल्या होत्या. म्हातारी रडायला लागली, म्हणाली, म्हंजी मीच खाल्ली माजी लेकरं. भुवनेश्वरीच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं, शास्त्रात दोष देत नाहीत. भुवनेश्वरीनं तिचा हात हातात घेतला. "बिरुदेवाला तुमचं नाक दिलं, ते विचारून दिलं होतं का आजी? तसंच हे. आता नातवंडं वाचवायची तर सगळ्यांना सोलापूरला आणायचं काम तुमचं." पुढच्याच आठवड्यात टेम्पो भरून माणसं आली. पुढं गिरिजाबाई. मी दारातच उभा होतो. त्या मला म्हणाल्या, "जरा सरका, त्या डाक्टरीणबाई कुटं हाईत?"

जळलं माझं. आजही जळतं. महाराज मी पळवला आणि माणसं तिनं आणली. पण मला तिच्यावर चिडायला कारण सापडत नाही, हे जास्त त्रासाचं आहे. मी नुसता चुना दाखवला होता. चुना दाखवून झाला तरी दोन पोरं मेलेलीच असतात आणि ती का मेली याचं उत्तर त्या आईला द्यावंच लागतं. ते दिलं नाही, तर पुढच्या मंगळवारी दुसरा महाराज देतो.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात धडधाकट तरुण माणूस पळताना, पोहताना, एकाएकी गेलं असेल, तर कौल लावू नका. आणखी कोण कुठं कसं गेलं ते नीट आठवा आणि राहिलेल्यांचा ईसीजी काढा. गोळीवर श्रद्धा ठेवली नाही तरी ती काम करते. मात्र रोज घ्यावी लागते.

परवा राजनंदिनी तपासणीला आली होती. गोळ्या चुकत नाहीत, हृदय ताळ्यावर आहे. पण तोंड फुगलेलं. विचारलं तर म्हणाली, "मैतरणी रोज पवायला जात्यात आन् मी काठावर बसून बघती. लई जळतं मला त्यांचं, डाक्टर."

शेजारच्या खोलीतून भुवनेश्वरीचा आवाज येत होता, कुणाच्या तरी चुलत्याला ती चहा विचारत होती.

"जळू दे," मी म्हटलं. "मी पण रोज जळतो. जळायला जिवंत असावं लागतं, पोरी."