उजवं मनगट, डावं मनगट

अत्तराच्या दुकानातल्या माणसाने माझ्या उजव्या मनगटावर एक फवारा मारला, डाव्यावर दुसरा. दोन्ही थंडीत लावायचे, उबदार. उजवीकडे लवंग आणि चंदन, डावीकडे दालचिनी, मिरी आणि देवदार.

"आधी मसाला जाणवेल, मग हळूहळू लाकूड," तो म्हणाला.

"शेवटी लाकूडच, ते माहीत आहे मला," मी म्हटलं. तो हसला नाही. दिवसभर उभं राहून त्याचेही पाय भरून आले असतील.

उजवीकडचा वास ताईचा. ही माझी थोरली बहीण लांबच्या शहरात असते आणि फोनवरून सूचना देते. थंडी सुरू होताना आठवडाभर येऊन गेली. आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, आवाजही नाहीत, पण ताईचा वास आला की "आलीस?" म्हणायची आणि मुकाट्याने जेवायची. ताई परत गेली आणि आईने तोंड मिटलं ते मिटलंच. मी कवळ्या बनवते, त्यामुळे हातांना कायम मेणाचा आणि प्लास्टरचा वास. गावभरच्या लोकांना चावायला दात देते, आणि घरी आईला दोन घास भरवता येत नाहीत. "ही बाई कोण? हिला जायला सांगा," हे रोज ऐकून मी अगदी विटले आहे.

खरं तर ताईचंच अत्तर घ्यायला आले होते. पण डावं मनगट हुंगलं आणि वाटलं, हे माझं. आईने ओळखायचं तर मला माझ्याच वासाने ओळखावं. उसाभर मी करायची आणि नाव ताईचं? हट्ट म्हणा हवं तर.

"दोन्ही घ्या ना," दुकानदार म्हणाला.

"एकाची पंचाईत आहे, दोन कुठून घेऊ?"

"मग तासभर अंगावर राहू द्या. उद्या येऊन सांगा."

घरी आले, सूप गरम केलं आणि मुद्दाम आधी डाव्या हातात चमचा धरला. आईने हुंगलं. क्षणभर थांबली. मी चमचा तसाच पुढे धरला. मग तिने तोंड फिरवलं.

मी हात बदलला.

"आलीस?" म्हणत तिने तोंड उघडलं. चमच्यामागून चमचे गेले. तिच्या पोटात काहीतरी जातंय म्हणून बरं वाटत होतं, आणि रागही येत होता. मध्येच तिने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, "धाकटी फार दमते गं. बोलत नाही, पण दमते. आता तू राहा इथे. तिला जरा मोकळी कर."

धाकटीच आहे मी, असं ओरडून सांगावंसं वाटलं. डोळे भरून आले. पण वाटीत अजून सूप होतं, आणि उद्याही असणार होतं. कुठलं अत्तर आणायचं ते ठरलं.

"राहते," मी म्हणाले, आणि पुढचा चमचा भरला.