उजव्या पंखातला सातवा खड्डा

मी एक खड्डा बोलतोय. ब्रेक दाबू नका, मी रस्त्यावरचा नाही. हरसूलकडच्या एका काळ्या कोंबड्याच्या उजव्या पंखात, कातडीत, टोकाकडून सातवा जो खड्डा आहे तो मी. माझ्यातून पीस उगवतं. उपटलं की पुन्हा उगवतं. अख्ख्या नाशकात असा आपणहून भरणारा खड्डा सापडायचा नाही, तरी माझ्या कामाचं उद्घाटन करायला आजवर कोणी आलेलं नाही.

मला डोळे नाहीत, कान नाहीत. कोंबड्याला जे कळतं तेच मला कळतं, आणि त्याला फार बेताचं कळतं. तेव्हा मधले काही तपशील मी पदरचे घातलेत.

माझा कोंबडा नवसाबाईंच्या दारात वाढला. तो साधासुधा नव्हता, बोललेला होता. नवसाबाईंचा मुलगा बहिरू नाशिकच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा मदतनीस, नऊ वर्षं कंत्राटावर. "बहिरू पर्मनंट झाला की हा कोंबडा तुझा," असा नवस बाई गावदेवीला बोलून बसल्या होत्या. ऑर्डर काही निघेना आणि कोंबडा खाऊनपिऊन माजला. त्याच सुमारास कॉलेजात संशोधन करणाऱ्या स्वरदाला धडधाकट गावठी कोंबडा हवा होता. बहिरूने हाच आणून दिला. देवीला लागेपर्यंत विज्ञानाने वापरावा, असा त्याचा सरळ हिशोब.

स्वरदा पंचवटीतल्या भटजींची मुलगी. घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि ही दिवसभर कोंबडा मांडीवर घेऊन बसते. तिचा प्रश्न एकच, अवयव घडतो कसा? माणसाचं बोट तुटलं की तुटलं. पीस मात्र त्याच जागी, त्याच मापाचं पुन्हा येतं. मधला दांडा, त्याला फुटलेले तंतू, तंतूंना एकमेकांत अडकवणाऱ्या बारीक आकड्या, सगळं जिथल्या तिथे. अंड्यात असताना जे एकदाच घडतं, ते माझ्याकडे हवं तेव्हा बघायला मिळतं. म्हणून ती माझं पीस कधी दहाव्या दिवशी उपटायची, कधी तिसऱ्या आठवड्यात. पीस बाटलीत जायचं आणि मी परत कामाला लागायचो. अर्धवट विणलेली पैठणी कोणी मागावरून ओढून नेली तर विणकराला काय वाटेल, ते मला विचारा.

तिसऱ्यांदा उपटल्यानंतर चारच दिवसांनी बहिरूची ऑर्डर निघाली. पेढे वाटले गेले. अर्धा पेढा कोंबड्यालाही मिळाला. तो बिचारा खूश झाला.

पुढच्याच सोमवारी नवसाबाई कोंबडा न्यायला डालगं घेऊन एसटीने आल्या. त्यांनी पंख पसरला आणि पिसं मोजली.

"एक कमी हे."

"मी काढलंय ते, आजी," स्वरदा म्हणाली.

"देवीला जीव पुरा लागतो, पोरी. उणा नाय चालत."

"येईल परत. नऊ आठवडे लागतील."

"मंग तवा नेते."

बहिरूचा चेहरा उतरला. "आये, नवस राहिला तं नोकरी जायची माझी."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी रिकामा आहे तोवर कोंबडा जिवंत आहे. माझं काम पुरं झालं की तो संपला. स्वरदाच्याही ते ध्यानात आलं असणार, कारण आठव्या आठवड्यात तिने पीस उपटलं आणि बहिरूकडे न बघता म्हणाली, "नमुना हवा होता." नवसाबाई आल्या, मोजलं, रिकामं डालगं घेऊन परत गेल्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मात्र आता येताना त्या पदरात मूठभर नागलीचे दाणे बांधून आणत, आणि त्यांचा आवाज ऐकला की कोंबडा पिंजऱ्याच्या दाराशी धावायचा.

त्या खेपेला स्वरदाने त्यांना सूक्ष्मदर्शकातून कोवळ्या पिसाचा काप दाखवला. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कोण करतं?"

"पिसाच्या मुळाशी एक खड्डा असतो, तो."

"त्याला शिकवलं कोणी?"

"तेच तर शोधतेय, आजी."

"म्हंजी तुला बी ठावं नाय," बाई म्हणाल्या. त्यांनी कनवटीची पुडी काढली आणि मला हळदकुंकू लावलं. स्वरदाला त्या दिवशीच्या नोंदीत 'खड्ड्यावर हळद' असं लिहावं लागलं. मला खरं सांगायचं तर भरून आलं.

पण कोंबड्याचं पीस उपटायलाही प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या समितीची परवानगी लागते, आणि स्वरदाला ती पाचच वेळांची होती. पाच झाल्या. शिवाय तिच्या मार्गदर्शक सरांना शेवटी पुरं वाढलेलं पीस हवं होतं. "आजी, मी दुसरा कोंबडा आणून देते," स्वरदाने विनवलं. "याचंच नाव घेतलंय देवीम्होरं," बाई म्हणाल्या. विषय संपला.

मग मीच ठरवलं, या वेळी पीस बिघडवायचं. दांडा वाकडा काढू, तंतू विसरू, गेलाबाजार पांढरं तरी उगवू. तुम्हा माणसांना कामावर दांडी मारता येते, चहाला जाऊन दोन तास गायब होता येतं. मला तेवढंही जमलं नाही. नऊ आठवड्यांनी पीस आलं ते काळंभोर, निळी झाक मारणारं, जन्मात घडवलं नव्हतं इतकं सुरेख. स्वतःच्या हातगुणाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

स्वरदाने फोटो काढला आणि ती खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. बहिरू डालगं घेऊन तयार होता. नवसाबाईंनी कोंबडा मांडीवर घेतला, पंख उघडला, एकेक पीस मोजत आल्या. बोट माझ्यापाशी थांबलं. त्यांनी पिसावरून एकदा हात फिरवला. मग चिमूट घट्ट झाली आणि एक हिसका बसला.

"उणाच हे अजून," त्या म्हणाल्या.

"आये, आत्ता तं होतं."

"नव्हतं." त्यांनी पीस अंबाड्यात खोचलं. "नवस म्या बोलले. देवीला काय सांगायचं ते मी सांगंन."

स्वरदा ढसाढसा रडली. कोंबडा नागली टिपत होता.

तिचा प्रबंध आता विद्यापीठात सादर झालाय. कोंबडा कॉलेजच्या मागच्या अंगणात असतो. बहिरू अजून पर्मनंट आहे, पण रोज सकाळी देवीची माफी मागतो आणि मग माझ्याकडे डोळे वटारून बघतो. दर आठ-नऊ आठवड्यांनी नवसाबाई येतात, मोजतात, उपटतात, चहा घेऊन परतीची गाडी धरतात. त्यांचे गुडघे आता फार दुखतात.

काल माझ्यात पुन्हा कोंब सुटला. मला थांबता येत नाही, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल. म्हणून हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. नवसाबाईंना कधी यायला जमलं नाही, तर तुमच्यातलं कोणीतरी या. उजवा पंख, टोकाकडून सातवं. मला दुखेल, त्याकडे लक्ष देऊ नका.