गारेगिनचा अक्रोडी राजा

शनिवारी सकाळी नऊच्या आतच आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या जिन्यात पन्नासेक माणसं दाटीवाटीनं उभी होती. त्यात खेळणारी मुलं सोळा. बाकी सगळ्या आया, आज्या, एक-दोन बाप आणि कुणाचंच कुणी नसलेला एक निवृत्त न्हावी. आमच्या वानाझोर गावात बुद्धिबळाला गर्दी होते, पण ही गर्दी डाव बघायला आली नव्हती. तिला राजा बघायचा होता.

राजा म्हणजे अक्रोडाच्या लाकडाचा, चार बोटं उंचीचा, मुकुटाला टवका गेलेला एक मोहरा. मालक गारेगिन. हा पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायचा. गावातल्या लिफ्ट कायमच्या बंद पडल्यावर त्यानं माणसांना वर नेण्याचा दुसरा मार्ग शोधला. राजा ज्या खेळाडूच्या बाजूला ठेवला जाई, तो जिंके. निदान सगळे तसं म्हणत.

"बुद्धिबळात नशीब नसतं असं कोण म्हणतं?" गारेगिन पायरीवर उभा राहून विचारायचा. "हरलेले. जिंकलेल्याला विचारा, तो गप्प बसतो. कारण त्याला ठाऊक असतं."

पैसे तो घेत नसे. नशीब विकत मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. मध, चीज आणि कोन्याकची बाटली मात्र नशिबाला चालत असे.

मी या मंडळाची पंच, अराक्सिया. पोटापाण्यासाठी औषधांचं दुकान चालवते. टेबलावर एखादा मोहरा जास्तीचा ठेवू नये असं नियमात कुठं लिहिलंय, असं मला आमच्या अव्वल खेळाडू सासुनच्या आईनं विचारलं, तेव्हा मी पुस्तक चाळलं आणि मिटून ठेवलं. खरं सांगायचं तर एकदा जाता-जाता मीही त्या राजाला बोट लावलं होतं. कंबर दुखत होती. ती दुखायची थांबली नाही, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

त्या वसंतातल्या स्पर्धेला महत्त्व होतं. जो पहिला येईल त्याला राजधानी येरेवानच्या निवासी प्रशिक्षणाला जागा मिळणार होती. मिहरान बेकरीवाल्याची बारा वर्षांची नवार्द चांगली खेळत होती. मिहरान मधाची बरणी घेऊन गारेगिनकडे गेला. गारेगिननं नवार्दच्या कपाळाला राजा टेकवला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"पोरीचं नशीब अजून कच्चं आहे. पुढच्या वसंतात आण."

बरणी त्यानं ठेवून घेतली.

त्या शनिवारी सहाव्या फेरीत नवार्दसमोर तोच राजा आला, समोरच्या मुलाच्या कोपराजवळ. डाव रंगात असताना मी तिथून गेले. नवार्द पटाकडे बघतच नव्हती. तिची नजर राजावर होती. समोरच्याच्या एका प्याद्याला वजीर व्हायला एकच घर उरलं होतं. तिनं हात पुढे केला, डाव सोडला, आणि कागदावर सही करून बाहेर गेली. जिन्यात उसासा उठला आणि दोन आज्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

नवार्दचे शाळेतले बुद्धिबळाचे मास्तर झावेन संध्याकाळी माझ्या दुकानात आले. कमी बोलणारा माणूस. नवार्दच्या डावाचा कागद त्यांनी काउंटरवर पसरला.

"अराक्सियाबाई, ती हरली नव्हती. जिंकत होती."

मी चष्मा लावला. समोरच्याचा राजा आपल्याच तीन प्याद्यांच्या मागं कोंडला होता. नवार्दनं वजीर शेवटच्या ओळीत नेऊन शह दिला असता, तर त्याला हत्तीनं तो मारावाच लागला असता. मग नवार्दच्या हत्तीनं तो हत्ती मारायचा, की मात. दोन चालींचं काम.

"हे ती झोपेतसुद्धा सोडवते," झावेन म्हणाले. "मला सगळ्या डावांचे कागद हवेत. राजा टेबलावर होता ते."

कागद माझ्याकडे औषधांच्या खोक्यांत होते. पुढचे दोन दिवस दुपारच्या वेळी आम्ही ते लावले. राजा चोवीस डावांत हजर होता. त्यातले एकवीस जिंकलेले. आकडा मी दोनदा मोजला. झावेननी प्रत्येक कागदावर दोन्ही खेळाडूंचं मानांकन लिहायला सुरुवात केली, आणि मग मला दिसू लागलं. एकवीसपैकी सतरा वेळा राजा ज्याच्याकडे होता, तो मुळातच कितीतरी वरचढ होता.

"फेरीची यादी आदल्या दिवशी दारावर तुम्हीच लावता ना?" झावेननी विचारलं.

"मीच."

"गारेगिन ती वाचतो. जो जिंकणारच आहे त्याला राजा देतो. बाकीच्यांचं नशीब कच्चं."

"आणि उरलेले चार?"

"ते चारही समोरच्यानं डाव सोडून दिल्यानं जिंकलेले. डाव सोडणाऱ्या चौघांपैकी एकही हरत नव्हता. नवार्दचा त्यातलाच."

राजा असूनही तीन डाव हरले होते. त्याबद्दल गारेगिन म्हणायचा, खेळणाऱ्याच्या आईच्या मनात शंका होती.

बुधवारी मंडळात मैत्रीचे डाव असतात. गर्दी होतीच, गारेगिनही होता. झावेनच्या वर्गातला सगळ्यात कच्चा खेळाडू वाहे स्पर्धेतल्या पहिल्या क्रमांकाच्या सासुनसमोर बसला, आणि खिशातून अक्रोडी राजा काढून त्यानं टेबलावर ठेवला. मुकुटाला टवका होता. जिन्यापर्यंत कुजबुज गेली. सासुन चांगला उंच, दांडगा मुलगा. त्याचा रंग उडाला. एक उंट जास्तीचा असताना चौदाव्या चालीला त्यानं बरोबरी मागितली.

वाहेनं ती लगेच दिली. विचार करण्याची सवय त्याला नव्हती.

"गारेगिनकाका," झावेननी शांतपणे विचारलं, "हा तुमचाच राजा ना?"

गारेगिननं आजूबाजूला बघितलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. "माझाच. ताकद दिसली नाही का?"

झावेननी मोहरा उलटा केला. बुडाला स्क्रूचं भोक होतं. "हा माझ्या आईच्या मोडक्या स्टुलाचा पाय. परवा मी कातून घेतला आणि चहाच्या पाण्यात रंगवला."

गारेगिननं घसा साफ केला. "आशीर्वाद लांबूनही लागतो. स्टुलालाही लागू शकतो."

"मग उद्यापासून वाहेला खराच देत जा."

"नशिबाची परीक्षा घेऊ नये," गारेगिन म्हणाला आणि टोपी शोधू लागला.

झावेननी ते चोवीस कागद भिंतीवर लावले, मानांकनासकट. मग भिंतीवरच्या मोठ्या पटावर नवार्दची सोडलेली स्थिती मांडली आणि तिला पुढं बोलावलं. तिला क्षणभरही लागला नाही. तिनं वजीर उचलला, ठेवला, आणि तिथंच रडायला लागली. मिहरान दाराशी उभा होता, हाताला पीठ तसंच. तो म्हणाला, "रडू नको, जान. एक बरणी माझीही गेली."

रविवारी, शेवटच्या फेरीत, नवार्द आणि सासुन समोरासमोर आले. दोघांचे गुण सारखे. सासुनच्या आईनं तरीही खरा राजा आणला होता. सासुन लाजेनं खाली बघत होता. मी या वेळी उठले आणि म्हणाले, "हे टेबलावरून काढा."

"राहू दे, मावशी," नवार्द म्हणाली. "तो चाल थोडीच खेळणार आहे."

चार तास गेले. एकावन्नाव्या चालीला सासुननं घोडा चुकीच्या घरात टाकला. नवार्द पाणी प्यायली, तिनं बराच वेळ पट बघितला आणि मग त्याचं प्यादं मारलं. एकसष्टाव्या चालीला सासुननं हात पुढे केला. राजा जागचा हलला नव्हता.

जिन्यात नवार्दभोवती बायका जमल्या. पहिला प्रश्न सासुनच्या आईचाच होता. "ही केसांतली हिरवी क्लिप कुठून घेतलीस गं? आजच घातली होतीस ना?"

नवार्दनं झावेनकडे बघितलं. झावेननी कपाळाला हात लावला.

येरेवानच्या गाडीत बसण्याआधी तिनं त्यांना विचारलं, "मास्तर, पण सासुनचा घोडा चुकला. ते माझं नशीबच ना?"

"होतं थोडं," झावेन म्हणाले. "कोण समोर येतं, कुणाला सर्दी झालीय, कोण कुठं चुकतं, हे आपल्या हातात नसतं. त्याला नशीब म्हण. पण ते दोन्ही बाजूंना सारखंच फिरतं आणि ते कुणाच्या खिशात राहत नाही. घोडा चुकला तेव्हा तू अजून खेळत होतीस. सहाव्या फेरीत उठून गेली होतीस."

नवार्द येरेवानला गेली. गारेगिन आता गाडी चालवण्याच्या परीक्षेला बसणाऱ्यांना आशीर्वाद देतो, असं ऐकते. ज्यांना चांगलं चालवता येतं, ते पास होतात.

माझ्या दुकानात अजूनही कुणी ना कुणी येतं आणि एखादा चमत्कार सांगतं. मी त्यांना एवढंच म्हणते, किती वेळा जमलं ते सांगितलंत, आता किती वेळा जमलं नाही तेही सांगा. आणि तो तोडगा वापरणारा माणूस आधी कसा होता, तेही. दोन्ही आकडे शेजारी मांडा आणि स्वतः बघा. डोकं प्रत्येकाला मिळालंय, आणि त्यासाठी कुणाला मधाची बरणी द्यावी लागत नाही.