खुर्चीतली ड्युटी

"मेला की काय मेल्या!" सत्यभामा मराठीतच ओरडली. सौदीतल्या दम्मामच्या त्या स्टेडियममध्ये, मैदानाच्या कडेला, तिचं ओरडणं कळणारं दुसरं कोणी नव्हतं.

अमेरिकेतले दोन व्यावसायिक संघ प्रदर्शनीय सामना खेळायला आले होते. नावाला फुटबॉल, पण चेंडू हातात धरून पळायचं आणि समोरच्याने रेड्यासारखी धडक देऊन त्याला आडवं करायचं, असला तो खेळ. आसपासच्या कंपन्यांच्या दवाखान्यांतून नर्स उसन्या मागवल्या होत्या, त्यात ही. मूळची सावर्ड्याची. रास तनुराच्या रस्त्यावर एका ठेकेदार कंपनीचा कॅम्प होता, तिथल्या दवाखान्यात तिची नोकरी. ताप, जुलाब, डोळ्यात गेलेला कण, फार तर चेचलेलं बोट नाहीतर मोडलेला पाय. उभ्या आयुष्यात याच्यापेक्षा मोठं काही तिच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

डोक्यावर डोकं आपटलेला तो खेळाडू उठला, दोन पावलं भलतीकडेच चालला आणि परत मैदानात जायला लागला. तोवर पंचांनी फाउलचा पिवळा रुमाल टाकला होता. धडक देणाऱ्याला त्यांनी सरळ बाहेर हाकललं. संघाशी काही देणंघेणं नसलेली एक पिकल्या केसांची डॉक्टरीण पुढे आली, खेळाडूला दंडाला धरून कडेला घेऊन आली, त्याचं हेल्मेट काढलं आणि सत्यभामाच्या हातात कोंबलं.

"धरून ठेव. कोणीही मागितलं तरी द्यायचं नाही."

तो तिच्या तिप्पट माणूस तिच्यापुढे गयावया करत होता, मग शिव्या द्यायला लागला. प्रशिक्षकही लालबुंद होऊन किंचाळत होता. डॉक्टरिणीने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. नंतर पाणी पिताना तिने सांगितलं, की पूर्वी असा मार खाऊन उठणाऱ्याला टाळ्या मिळायच्या आणि तो परत खेळायचा. पुढे त्यातली कितीतरी पोरं भ्रमिष्ट झाली, काही गेली. म्हणून नियम बदलले. डोक्याला लागलं की बाहेर, आणि परत कधी जायचं हे ना संघ ठरवणार, ना तो स्वतः.

"आणि हेल्मेट कशाला काढून घ्यायचं?"

"डोक्याला मार बसलेल्या माणसाला आपल्याला काही झालंय हेच कळत नाही. हेल्मेटच नसलं तर जाईल कुठे?"

सत्यभामाला हे भारी आवडलं. परतीच्या बसमध्ये ती स्वतःशीच हसत होती. नर्सच्या शब्दाला कुठेतरी एवढी किंमत आहे म्हणायची!

आणि मग तो मंगळवार.

सकाळीच चंदनला दोघांनी धरून आणलं. गुहागरकडचा हा फिटर, हसरा, कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. परांचीवरून निसटलेला लोखंडी क्लॅम्प त्याच्या डोक्यावर पडला होता. हेल्मेट होतं म्हणून कवटी वाचली. पण दवाखान्यात पाय ठेवताच तो भडभडून ओकला.

"काय नाय ताई, जरा गरगरतंय. गोळी द्या एक, जातो मी."

"गप पड. आज वार कुठला?"

चंदनने बराच विचार केला. "जुम्मा," तो म्हणाला.

तिने बॅटरी मारून त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि सेफ्टी ऑफिसरला फोन लावला. हे हेमचंद्र, नाशिकचे. कॅम्पात गणपतीची आरती हेच सांगायचे. पाच मिनिटांत हजर झाले.

"साहेब, याला हॉस्पिटलला न्यायला हवं. डोक्याचं स्कॅन करायला पाहिजे, आत्ताच्या आत्ता."

"अहो सिस्टर, समजून घ्या ना." त्यांनी आवाज खाली आणला. "अपघाताने कुणाची रजा पडली, एक लॉस्ट टाइम नोंदला गेला, की पुढचं काँट्रॅक्ट गेलं. त्याला काम करायला कोण सांगतंय? साइटच्या केबिनमध्ये एसीत बसू दे नुसता. खुर्ची देतो चांगली."

"नुसतं बसायचंय, तर इथे खाटेवर का नको?"

"इथे पडला तर रजा. तिथे बसला तर ड्युटी."

हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे नवीन नव्हतं. पाय मोडलेले, बोटं चेचलेले, सगळे त्या केबिनमध्ये बसून ड्युटी भरत. आजवर तीही मलमपट्टी करून गप्प बसत आली होती. पण हे डोकं होतं! तिने खाटेखालचं चंदनचं हेल्मेट उचललं, औषधांच्या कपाटात ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली. हेल्मेटशिवाय साइटच्या गेटवर कोणालाच आत सोडत नसत.

"आता न्या कसा नेताय ते," ती म्हणाली.

सत्यभामा तरातरा मुख्य ऑफिसात गेली, गाडीसाठी भांडली. इकडून सही आणा, तिकडे विचारा, कफीलचा, म्हणजे सौदी मालकाचा, माणूस जेवायला गेलाय, सगळं ऐकून घेतलं. परत येते तो खाट रिकामी.

"स्टोअरमधून नवीन दिलं हेल्मेट," झाडूवाला हळूच म्हणाला. "चंदन खुद ही बोला, जाता हूँ."

तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्या मैदानातल्या खेळाडूचं हेल्मेट म्हणजे त्याचं एकट्याचं, त्याच्या डोक्याच्या मापाचं. त्याच्या जागी उभं करायला दुसरा सहजी मिळत नव्हता, म्हणून त्याला जपायचे नियम. इथे हेल्मेटं पोत्यांनी पडली होती आणि माणसंही. एवढी साधी गोष्ट आपल्या टाळक्यात कशी आली नाही?

तिने सरकारी ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्स आली, गेटवर थांबली. आत जखमी कोणी नाही, सगळे कामावर आहेत, असं पहारेकऱ्याने सांगितलं आणि ती परत गेली. सत्यभामाकडे साइटचा पास नव्हता. गेटच्या जाळीला धरून ती उन्हात ओरडत राहिली. शेवटी पहारेकऱ्यानेच तिला पाण्याची बाटली आणून दिली. ती तिने त्याच्या पायाशी फेकली.

आत चंदन खुर्चीत होता. दुपारी त्याचा डोळा लागला. येणारे-जाणारे चांगले होते हो, तेच तर वाईट झालं. बिचारा दमलाय, झोपू दे, म्हणून कुणी केबिनमधला दिवा मालवला. कुणी अंगावर जॅकेट टाकलं. तो मोठमोठ्याने घोरत होता, तर त्याचेच सोबती तोंडावर बोट ठेवून चवड्यांवर ये-जा करत होते. सुटीच्या वेळी हलवून उठवायला गेले, तेव्हा तो खुर्चीतून खालीच घसरला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी कवटी उघडून रक्त काढलं. सकाळी आणला असता तर, एवढंच ते म्हणाले.

चंदन जगला. उजवा हात लुळा पडला. शब्द तोंडाशी येऊन अडकायला लागले.

हेमचंद्र तिला भेटायला आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. खरंच रडले असावेत.

"बाथरूममध्ये पाय घसरून पडला, एवढंच म्हणा सिस्टर. तुमच्याकडून दुसरं काही नको. मलाही दोन मुली आहेत हो."

"त्यालाही एक आहे!" ती ओरडली. "तुमच्या मुलींना सांगा घरी गेल्यावर, बाबांनी एका माणसाला खुर्चीत बसवून मारायला घेतला होता. सांगाल? नाही ना? मग मला कसलं खोटं बोलायला लावता? डोक्यात क्लॅम्प पडला. तुम्ही खुर्चीत बसवलंत. कोणीही विचारलं तरी मी हेच सांगणार."

आठवड्याभरात तिचा इकामा, तिथे राहायचा परवाना, रद्द झाला. खलास. फायनल एक्झिट, कायमची घरी रवानगी. चंदनलाही घरी पाठवायचं होतं, आणि एकट्याला विमानात घ्यायला विमान कंपनी तयार नव्हती, सोबत नर्स हवी म्हणाली. ठेकेदाराने हिशेब बरोबर केला: नाहीतरी ही बाई जातेच आहे. दोघांची तिकिटं एकाच विमानाची निघाली. कळल्यावर सत्यभामाने त्या ऑफिसात उभं राहून अशा काही शिव्या हासडल्या, की मराठी न कळणाऱ्यांनीही माना खाली घातल्या.

विमानात जेवण आलं. हवाई सुंदरी चंदनच्या टाके घातलेल्या डोक्याकडे पाहून जरा घुटमळली.

"आप इनकी कौन हैं?"

"नर्स."

"कंपनी की तरफ से?"

"नहीं," सत्यभामा म्हणाली. "कंपनी की नहीं. इसकी."

तिने ट्रे त्याच्यापुढे सरकवला. चंदनने डाव्या हाताने चमचा धरला. पहिला घास शर्टावर सांडला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती भरवायला पुढे झाली तशी त्याने मान हलवली, नाही म्हणून. सत्यभामाने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि त्याचा दुसरा घास तोंडाशी पोचेपर्यंत आपल्या जेवणाला शिवली नाही.