थंड चुलीचा शुक्रवार

“माय, नुसतं वाटण घालून दे. ढवळायला लवीना हाय ना,” जेरोम बायकोचं नाव घेऊन म्हणाला आणि कोंबडीची पिशवी त्यानं ओट्यावर ठेवली.

ओट्यावरची सगळी भांडी उपडी होती. गॅसच्या शेगडीवर पाखडायचं सूप पालथं घातलेलं होतं. खाली पाटावर काळं लुगडं नेसलेली त्याची आई, कार्मेमाय, बसली होती आणि पेजेचा टोप घेऊन मी दारात उभी होते. दिवस गुड फ्रायडेचा. माझं डोकं तिथंच फिरलं, ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

“आज चूल पेटत न्हाय,” माय म्हणाली.

“चूल कुठं हाय आता? ग्यास हाय.”

एवढं बोलून हा माणूस हसला.

माझं आणि मायचं घर भिंतीला भिंत लावून. ते क्रिस्ताव, आम्ही हिंदू. मधल्या भिंतीला त्याचं कधी काही वाटलं नाही. मायच्या घरात हा दिवस मयताचा. येशू आज गेला म्हणजे घरातलंच माणूस गेलं. गुरुवारी संध्याकाळी चुलीतली राख काढायची, भांडी उपडी घालायची आणि शनिवारी रात्री त्यांच्या देवळातून नवा विस्तव येईपर्यंत काडी ओढायची नाही. मयताच्या घरी शेजाऱ्यानं जेवण पोचवायचं, ही रीत आमच्यातही आहेच. म्हणून माझी सासू तुळशी दरवर्षी मायच्या पोरांसाठी पेज आणि लिंबाचं लोणचं घेऊन जायची. ती गेल्यावर मी जायला लागले. हाच जेरोम लहानपणी ती पेज दोनदा मागून घ्यायचा आणि टोपाचं बूड चाटायचा.

माय सोळाव्या वर्षी या घरात आली. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. डोक्यावर पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घेऊन तरीतून पलीकडे जायचं, बाजार करायचा आणि परत येऊन सासूसासऱ्यांचं, दिरांचं, नवऱ्याचं रांधायचं. सहा बाळंतपणं झाली. दोन पोरं मातीत गेली. लावणीच्या दिवसांत बाळ बांधावर निजवून चिखलात उतरलेली बाई ही. नवरा पास्कोल गेला, तेव्हा त्याच्या महिन्याच्या मिसेला, देवळातल्या प्रार्थनेनंतर, गावजेवण कुणी रांधलं? विधवेनंच. पण तो पास्कोल जिवंत असताना दारू पिऊन आला तरी या शुक्रवारी चुलीकडे बोट दाखवत नसे. देवानं या बाईला वर्षातून एकच सुट्टी दिली होती आणि त्यासाठी त्याला क्रुसावर चढावं लागलं होतं.

आता जेरोमनं पुढच्या दोन खोल्यांचा होमस्टे केला आहे. मायची खाट मागच्या पडवीत गेली, कांद्याच्या पोत्यांशेजारी. बाहेरच्या फलकावर मात्र मायचाच हसरा फोटो, खाली लिहिलंय : माईच्या हातचं पोर्तुगीज जेवण. जिला पडवीत टाकलं, तिच्याच तोंडावर गिऱ्हाईक ओढायचं. लोक म्हणतात जेरोम मनानं वाईट नाही. नसेल. कोडगा आहे.

“जेरोम,” मी म्हटलं, “आजचा दिस सोड ना रे. वर्षभर रांधतेच हाय ती.”

“वैनी, लाँग वीकेंड हाय. ह्याच दिसांत धंदा व्हतो. पाहुणे काय उपाशी ठेवू?”

तेवढ्यात पाहुण्यांतली एक मुलगी मोबाईल घेऊन आत आली. तिचं नाव रुचिका, मुंबईची. “आजी, तुमचा ढवळतानाचा एक फोटो हवाय हं!” म्हणाली आणि उपडी भांडी बघून थबकली. “काय झालं? काही आहे का आज?”

“आज आमच्या घरात मयत हाय, बाय,” माय म्हणाली. “देव गेला आमचा. आज विस्तव करीत न्हाय.”

पोरीनं मोबाईल खाली घेतला. “अगं बाई. जेरोम, मग राहू दे ना. आम्ही बाहेर जेवू. नुसते पोहेसुद्धा चालतील कुठेतरी.”

म्हणजे मार्ग समोर चालत आला होता. पोटच्या पोरानं काय करावं?

“नाय नाय मॅडम, काय प्रॉब्लेम नाय. जुनी माणसं हायत, असंच बोलतात. आठ वाजता चिकन रेडी.”

माय पाटावरून उठली. पोराला ना शिवी ना शाप. माझी पेज घेतली, कोपऱ्यात झाकून ठेवली आणि तीन वाजता देवळात निघून गेली. त्या दिवशी घंटा वाजत नाही. लाकडाचा खटखटा वाजवतात. त्याचा कोरडा आवाज माझ्या ओसरीपर्यंत येत होता.

दिवेलागणीला मी भात चढवला होता. बाहेर मिरवणूक संपून बाया घरी परतत होत्या आणि गल्लीत खोबरं-कांदा भाजल्याचा वास सुटला होता. वास कुठल्या घरातून येतोय ते साऱ्या गल्लीला कळत होतं. क्रिस्ताव बाया मायच्या दारावरून खाली मान घालून गेल्या. त्यांच्यामागून माय आली आणि आपल्या घरात गेली. मला वाटलं, आता तरी ही बोलेल, टोप उचलून अंगणात फेकेल. मी असते तर फेकला असता.

ती बाहेर आली आणि सरळ माझ्या दारात उभी राहिली. पदराखाली काहीतरी धरलं होतं. तिच्या घरातल्या वेदीवरचा हातभर क्रूस होता, लग्नात सासूनं दिलेला.

“सुचिता, ह्याला उद्या रातीपर्यंत हितं ठेव. मयताच्या उशाशी लोक कोंबडी खातील. मला न्हाय बघवणार.”

मी पाट मांडला, त्यावर धुतलेलं पातळ अंथरलं. तिनं क्रूस त्यावर आडवा निजवला, लेकरू निजवावं तसा. मग माझं लक्ष गॅसकडे गेलं. भात रटरटत होता. मी गॅस बंद केला.

“अगो, तू कशाला? तुझी माणसं जेवतील काय?”

“मयत आता माझ्या घरात हाय, माय.”

मायनं भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि हात मांडीवर नुसते ठेवून दिले. त्या हातांना तसं रिकामं मी क्वचितच पाहिलं असेल.

मी दार लोटायला उठले तर उंबऱ्याबाहेर लवीना उभी. मायची सून. एका हाताला वाटण लागलेलं, डोळे सुजलेले. दुसऱ्या हातात शेगडीवरचं ते सूप. आत आली, अर्धाकच्चा भात तिनं खाली उतरवला, माझ्या शेगडीवर सूप पालथं घातलं आणि सासूच्या पायाशी बसली.

भिंतीपलीकडून जेरोमची हाक आली. “लवीना! मीठ घातलं काय गो ह्याच्यात?” थोड्या वेळानं पुन्हा, जरा बारीक आवाजात, “माय?”

आमच्यातली कुणीच उठली नाही.